गिऱ्हाइकाची वही ॲपवाल्याच्या हाती

भिवंडीत आमच्या ओळखीचे एक बिर्यानीवाले आहेत. दुकान वडिलांच्या वेळेपासूनचे. एका जुम्म्याच्या नमाजनंतर आम्ही त्यांच्या गल्ल्याजवळ बसलो होतो. समोर मोबाइल दर दोन मिनिटांनी वाजत होता, लाल शर्टातले पोरगे पार्सल घेऊन जात होते. धंदा बरा दिसत होता. पण हाजीसाहेबांचा चेहरा काही खुललेला नव्हता. ते म्हणाले, "तीस वर्षे या गल्ल्यावर बसतो आहे. माझे गिऱ्हाईक रात्री किती वाजता काय शोधते, काय बघून परत जाते, हे त्या ॲपवाल्याला ठाऊक असते. मला नाही."

आम्ही विचारले, "तुम्ही कधी मोजून पाहिले का?"

"मोजायचे काय त्यात? गिऱ्हाईक येते, खाते, जाते."

आमच्या बहुतेक व्यापारी बांधवांचे उत्तर हेच असेल. घरपोच खाणे आणि किराणा पोहोचवणाऱ्या ॲप कंपन्या मात्र नेमके तेच मोजण्यावर उभ्या आहेत. हे मोजमाप त्या कसे करतात, त्यातून काय ठरते आणि आपल्यासारख्या छोट्या दुकानदाराला त्यातले काय जमण्यासारखे आहे, हे या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम या कंपन्या जन्मल्या कशा ते पाहू. झोमॅटोची गोष्ट बोधप्रद आहे. २००८ साली दीपिंदर गोयल आणि पंकज चड्ढा दिल्लीत एका सल्लागार कंपनीत नोकरीला होते. दुपारच्या जेवणाच्या वेळी सहकारी हॉटेलांची मेनूकार्डे पाहण्यासाठी गर्दी करतात, एकेक कार्ड हाती येईपर्यंत ताटकळतात, हे त्यांनी पाहिले. त्यांनी ती कार्डे स्कॅन करून संगणकावर टाकली. त्याचे आधी फूडीबे झाले आणि २०१० पासून झोमॅटो. कोणालाही न विचारता, माणसे कुठे ताटकळतात एवढेच पाहून हा धंदा सुरू झाला. बंगळूरची डंझो तर एका व्हॉट्सॲप ग्रुपवर सुरू झाली होती. लोक काम सांगत आणि ते करून देणाऱ्याला कळत जाई की माणसांना काय हवे असते : विसरलेली किल्ली, औषध, भाजी. पुढे तिला मोठमोठे भांडवलदार मिळाले, तरी ती टिकली नाही. गिऱ्हाईक ओळखणे म्हणजे हिशेब जुळणे नव्हे, हेही त्यातून दिसते.

तिसरे उदाहरण आपल्या मुंबईचे आहे आणि आपल्याला बोचणारे आहे. २०२० च्या टाळेबंदीत दोन तरुणांनी किराणाकार्ट नावाचे ॲप काढले. गल्लीतल्या किराणा दुकानातून माल उचलायचा आणि घरी पोहोचवायचा. पण दुकानात माल आहे की नाही हे आधी कळत नाही, मिळायला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. २०२१ मध्ये त्याचेच झेप्टो झाले. किराणा दुकानदार मधून निघाला आणि त्याच्या जागी कंपनीची स्वतःची बंद शटरची गोदामे आली. दुकानदारामार्फत गिऱ्हाइकाची सवय कळली आणि सवय कळल्यावर दुकानदाराची गरज उरली नाही. हाजीसाहेबांची चिंता अनाठायी नाही ती यामुळे.

आता या अभ्यासाची रीत पाहू. तिचे पहिले तत्त्व असे की माणूस सांगतो एक आणि करतो दुसरे. यात लबाडी नसते. "तुम्हाला कमी तेलाचे खाणे आवडेल का?" असे विचारले तर शंभरातले बहुतेक होच म्हणतील, आणि रात्री अकराला तेच लोक तंदुरी आणि डबल मस्का पाव मागवतील. म्हणून कंपन्या गिऱ्हाइकाच्या शब्दांपेक्षा त्याच्या बोटांवर जास्त भरवसा ठेवतात. ॲप किती जणांनी उघडले, त्यातल्या किती जणांना तुमच्या दुकानाचे नाव दिसले, किती जणांनी मेनू उघडला, किती जणांनी पदार्थ टोपलीत टाकला आणि शेवटी पैसे किती जणांनी भरले, हा सारा उतरता जिना त्यांच्याकडे रोज तयार असतो. कोणत्या पायरीवर माणसे गळतात हे पाहिले की दोष कुठे आहे ते कळते. मेनू उघडून परत गेले तर दर किंवा फोटो खटकला असेल. टोपलीत टाकून परत गेले तर बहुधा पोहोचवण्याचा खर्च पाहून बिचकले.

दुसरी रीत तुलनेची. समजा पडद्यावर बटण कुठे असावे याचा वाद आहे. कंपनी वाद घालत बसत नाही. निम्म्या गिऱ्हाइकांना एक पडदा दाखवते, निम्म्यांना दुसरा, आणि कोणत्या बाजूने जास्त ऑर्डरी आल्या ते मोजते. तुमच्या आमच्या मोबाइलवर शेजारी शेजारी बसून पाहिले तरी कधी कधी दोन वेगळे पडदे दिसतात, ते यामुळे असू शकते.

तिसरी रीत जुनीच : माणसाजवळ बसणे. त्याच्या हाती मोबाइल द्यायचा, "नेहमीसारखे मागवा" म्हणायचे आणि तोंड बंद ठेवून पाहायचे. या पद्धतीचे जाणकार जेकब नील्सन यांनी फार पूर्वी दाखवून दिले, की अशी पाच माणसे नीट पाहिली तरी बहुतेक मोठ्या अडचणी उघड होतात. शेकडो लोकांचे फॉर्म भरून घेण्याची गरज नाही. आपल्याकडे पत्ता कसा सांगतात ते पाहा. घर नंबर कोणी सांगत नाही. मशिदीच्या मागची गल्ली, चक्कीसमोर, दुसरा जिना. म्हणून पत्त्यात ओळखीची खूण लिहिण्याची जागा आणि काही ॲपांत बोलून रस्ता सांगण्याची सोय आली. मुंबईच्या डबेवाल्यांनी हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी ती सेवा सुरू केली. डबे वाहणाऱ्यांत शिकलेले थोडे, म्हणून पत्त्याऐवजी डब्यावर रंगाच्या आणि अक्षरांच्या खुणा आल्या. ज्याने वापरायचे त्याला झेपेल तेच चालते.

जपानचे प्राध्यापक नोरिआकी कानो यांनी १९८४ साली सोयींची एक वर्गवारी मांडली, तीही आमच्या कारागीर वाचकांना उपयोगी वाटेल. काही सोयी अशा, की त्या असल्या तर कोणी शाबासकी देत नाही, नसल्या तर गिऱ्हाईक कायमचे जाते. काही जितक्या जास्त तितका संतोष जास्त. आणि काही मागितलेल्याच नसतात, पण मिळाल्या तर माणूस खूश होतो. शिंप्याचे उदाहरण घ्या. चांदरातीच्या आत कपडे मिळणे ही पहिल्या जातीची गोष्ट. तिथे चुकला तर शिवण कितीही सफाईची असो, पुढच्या ईदला गिऱ्हाईक दुसरीकडे. उरलेल्या कापडाची मुलासाठी टोपी शिवून दिली, तर ती तिसऱ्या जातीची. घरपोच खाण्यात रस्सा न सांडणे आणि मागवले तेच येणे ही पहिली जात आहे. आमचे किती तरी हॉटेलवाले तिसऱ्या जातीच्या मागे लागतात, मोफत कोल्ड्रिंक देतात, आणि पार्सलमध्ये सालन सांडलेले असते.

रमजानचा विषय आमच्या वाचकांच्या थेट धंद्याचा आहे. २०२४ च्या रमजाननंतर स्विगीने आपले आकडे जाहीर केले. त्या महिन्यात देशभर सुमारे ६० लाख प्लेट बिर्यानी त्यांच्या ॲपवरून मागवली गेली आणि संध्याकाळी साडेपाच ते सात या वेळेत इफ्तारच्या ऑर्डरी नेहमीच्या दिवसांपेक्षा ३४ टक्क्यांनी वाढल्या. इफ्तारच्या वेळी गर्दी होते हे सांगायला आपल्याला कंपनीची गरज नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण गर्दी कितीने वाढते, कोणत्या पदार्थाची आणि नेमकी किती वाजता, हे त्यांच्याकडे लिहिलेले आहे. आपल्याकडे ते "खूप होते" एवढ्या दोन शब्दांत आहे. देग किती चढवायची, पोरगे किती ठेवायचे, हे त्या दोन शब्दांवर ठरत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात माल कमी पडतो आणि शेवटच्या आठवड्यात उरतो.

आता एका अशा प्रसंगाकडे येतो, जिथे हे सारे शास्त्र फसले. १९ मार्च २०२४ रोजी झोमॅटोने शुद्ध शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी वेगळी सेवा जाहीर केली. फक्त शाकाहारी हॉटेले, त्यांच्यासाठी वेगळे डिलिव्हरी बॉय, हिरवा शर्ट आणि हिरवी पेटी. शाकाहारी गिऱ्हाइकांनी वारंवार तसे सांगितले होते, असे कंपनीचे म्हणणे होते. ते खोटे असण्याचे कारण नाही. कोणाला आपले जेवण वेगळ्या पेटीतून हवे असेल, तर तो त्याचा प्रश्न आहे आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही.

पण ओरड झाली ती शर्टाच्या रंगावरून. हिरवा शर्ट म्हणजे शाकाहारी, मग लाल शर्ट म्हणजे मांसाहारी, हे कोणीही ओळखणार. सणावाराच्या दिवशी सोसायटीच्या दारात लाल शर्टवाल्या पोराला अडवले तर? भाड्याने राहणाऱ्याच्या दारी लाल शर्ट दिसला आणि घरमालकाने हिशेब मागितला तर? दुसऱ्याच दिवशी, २० मार्चला, कंपनीने हिरवा शर्ट मागे घेतला. सर्वांचा शर्ट लालच राहील असे जाहीर केले आणि लाल शर्टातील पोरांना चुकीचे समजून सोसायट्यांत अडवले जाऊ नये, हे कारण स्वतःच दिले.

आमच्या दृष्टीने हा प्रसंग फार महत्त्वाचा आहे. कंपनीने गिऱ्हाइकाची पसंती अचूक ओळखली होती. चूक अशी झाली, की ज्याने मागणी केली त्यालाच विचारले. पार्सल घेऊन उन्हातान्हात फिरणारा पोरगा, कबाबवाला, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, यांना विचारले नाही. आणि या तिघांत आपल्या समाजाची माणसे किती आहेत, हे वाचकांना सांगायला नको. २०१९ मध्ये जबलपूरच्या एका गिऱ्हाइकाने डिलिव्हरी बॉय हिंदू नाही म्हणून ऑर्डर रद्द केली, तेव्हा याच कंपनीने अन्नाला धर्म नसतो असे जाहीर उत्तर देऊन त्याची मागणी नाकारली होती. म्हणजे पसंती कळली तरी ती पुरवायचीच असे नाही, हे तिला ठाऊक होते. पाच वर्षांनी ती एका दिवसासाठी विसरली. कितीही लाख गिऱ्हाइकांचे आकडे असोत, जो पडद्यावर बोट लावत नाही त्याचा आकडा त्यात येत नाही.

गिऱ्हाइकाच्या सवयी कळल्या की त्यांचा गैरफायदाही घेता येतो. न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणे, शेवटच्या पायरीवर नवे शुल्क दाखवणे, "फक्त पाच मिनिटे उरली" अशी खोटी घाई लावणे. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ युक्त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. आपली स्वतःची वेबसाइट किंवा ऑर्डर घेण्याची सोय असेल, तर ती आपल्यालाही लागू आहेत. धोका देऊन विकलेल्या मालात बरकत नाही हे आपल्याला कायद्याने शिकवण्याची गरज नव्हती, तरी नियम माहीत असावा.

आता आपण काय करावे? आमच्या मते एक शंभर पानी वही पुरेशी आहे. प्रत्येक ऑर्डरची वेळ, पदार्थ, ॲपवरून की फोनवरून की समोरून, आणि तक्रार असल्यास ती. आणखी एक रकाना हवा, तो कोणी ठेवत नाही : जे मागितले आणि आपल्याकडे नव्हते ते. ॲपवाल्याच्या शोधपेटीत जे लिहिले जाते ते आपल्या गल्ल्यावर बोलले जाते. "हाफ प्लेट मिळेल का?" "बिनतिखट आहे का, लहान मुलासाठी?" पोरगे "नाही" म्हणते आणि गोष्ट हवेत विरते. ती लिहा. हॉटेल ज्या ॲपवर असेल, त्याच्या दुकानदारांच्या बाजूला किती जणांनी मेनू उघडला आणि किती जणांनी ऑर्डर दिली हे आकडे दिलेले असतात. ते आठवड्यातून एकदा याच वहीत उतरवून घ्यावेत.

प्रश्न विचारायचा झाला तर "आमची बिर्यानी कशी वाटते?" हा विचारू नये. तोंडावर कोण वाईट बोलेल? "मागच्या वेळी मागवले तेव्हा आधी काय शोधले? आणखी कोणते दुकान पाहिले? किती वाजता?" असे घडलेल्या गोष्टीचे प्रश्न विचारावेत. नातेवाइकांना तर मुळीच विचारू नये. शेजारच्या गल्लीतल्या अनोळखी पाच जणांना चहा पाजून त्यांच्याच मोबाइलवर आपले दुकान शोधायला सांगावे. पुष्कळांना ते सापडणारच नाही. कारण मेनूत "शाही खास हंडी" असे नाव दिलेले असते आणि गिऱ्हाईक शोधते "मटण बिर्यानी". कोणी किती जणांना पुरेल ते शोधत राहते. कोणी हलाल आहे का ते पाहते, आणि आपण ते गृहीत धरून लिहिलेलेच नसते. वस्ती आपली असेल तर लिहिण्याची गरज नाही असे वाटते. पण ॲपवरचे गिऱ्हाईक पाच किलोमीटरवरून मागवते, त्याला आपली वस्ती दिसत नाही.

बदल करायचा तो एका वेळी एकच. फोटोही बदलला, दरही बदलला आणि ऑर्डरी वाढल्या, तर कशामुळे वाढल्या हे अल्लाहच जाणे. मंगळवारची तुलना मंगळवारशी करावी, जुम्म्याची जुम्म्याशी. आणि महाराष्ट्रात धंदा करतो तर पंचांगही भिंतीवर असावे. श्रावणात, मार्गशीर्षातल्या गुरुवारी, चतुर्थीला मटणाची मागणी उतरते. आमच्या एका स्नेह्यांनी श्रावणाच्या तोंडावर मेनूचा फोटो बदलला, ऑर्डरी घटल्या म्हणून फोटो काढणाऱ्याशी भांडण केले आणि जुना फोटो परत लावला. गणपतीनंतर ऑर्डरी वाढल्या. अजून ते जुन्या फोटोचीच तारीफ करतात.

सर्वांत मोठा प्रश्न मात्र निराळा आहे. ॲपवरून आलेले गिऱ्हाईक नवे की आपलेच जुने वळलेले? यासाठी एक हिशेब मांडून दाखवतो. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, ज्याने त्याने आपले घालावेत.

प्लेट २०० रुपयांची, तिला आपला खर्च १०० रुपये. कमिशन पाव हिस्सा धरले तर ५० रुपये गेले, सवलतीत आपला वाटा २० रुपये. हाती आले १३०, नफा ३० रुपये. दिवसाला ॲपवर दहा प्लेट गेल्या तर नफा ३००. आता या दहांपैकी सहा गिऱ्हाइके जुनी असतील, जी ॲप नसते तर स्वतः दुकानात आली असती, तर ॲपशिवाय त्या सहांवर प्रत्येकी १०० प्रमाणे ६०० रुपये सुटले असते. विक्री सहाची दहा झाली, भटारखान्यात धावपळ वाढली आणि नफा अर्धा झाला. उलट दहांत जुनी दोनच असतील, तर ॲपशिवाय २०० आणि ॲपवर ३००. मग ॲप फायद्याचे. या हिशेबात तीन ही सीमा आहे. दहांत तीनपेक्षा जास्त जुनी गिऱ्हाइके ॲपवर गेली, की आपण आपल्याच गिऱ्हाइकासाठी दलाली देतो आहोत.

पण हे कळणार कसे? ॲपवाले गिऱ्हाइकाचा नंबर दुकानदारापासून लपवतात. हॉटेलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये स्पर्धा आयोगाकडे ज्या तक्रारी केल्या, त्यांत ही एक होती. एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने झोमॅटो आणि स्विगीच्या काही व्यवहारांच्या चौकशीचा आदेश दिला. सरकारी प्रोत्साहनाने उभे राहिलेले ओएनडीसीचे जाळे, ज्यात विकणाऱ्याचे ॲप वेगळे आणि घेणाऱ्याचे वेगळे, हाही एक पर्याय आहे. तोपर्यंत जवळचा मार्ग म्हणजे समोरच्या गिऱ्हाइकाशी बोलणे. गल्ल्यावर येणाऱ्या नेहमीच्या माणसाला सहज विचारावे, "घरी मागवता तेव्हा कसे मागवता?" पार्सलमध्ये आपल्या दुकानाचा नंबर घालण्यापूर्वी कंपनीशी केलेला करार वाचावा. सही केली असेल तर ती पाळावी लागते. आणि कोणी विश्वासाने नंबर दिला तर तो अमानत समजावा, रोज सकाळी जाहिराती पाठवू नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेला आहे.

हाजीसाहेबांनी वही केली आहे. मुलगा लिहितो, ते चष्मा लावून वाचतात. पहिल्या पंधरवड्यात "जे मागितले आणि नव्हते" या रकान्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आली : एका माणसापुरते छोटे पार्सल. भिवंडीत लूमवर एकटे राहणारे कामगार किती आहेत, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. पण त्यांनी कधी लिहून पाहिले नव्हते. आता त्यांनी लहान डबे मागवले आहेत. मंगळवारपासून सुरू करणार आहेत, दर फक्त फोनवरच्या आणि समोरच्या गिऱ्हाइकाला.